काळी डबी : जुन्या खेळयंत्राला जुळणारा अडॅप्टर शोधताना

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की बहुतेक घरांतून एक खोका हमखास निघतो. त्यात वायरी गुंडाळलेल्या पाच-सात काळ्या डब्या असतात. कुठली कशाची, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. एखादी कॉर्डलेस फोनची असते, एखादी जुन्या राउटरची, एखादी मुलीला शाळेत असताना घेतलेल्या कीबोर्डची. यंत्रे गेली, डब्या राहिल्या. काही घरांत याच्या उलट होते. यंत्र माळ्यावर कापडात गुंडाळून जपलेले असते आणि त्याची डबी मागच्याच दिवाळीत भंगारवाल्याकडे गेलेली असते. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

निमित्त घडले माझ्या भाच्यामुळे. तो टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतो. तिथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मागच्या खेपेला मिरजेला येताना त्याने जुन्या वस्तूंच्या दुकानातून माझ्यासाठी एक लाल-पांढरे यंत्र आणले. निन्टेन्डो कंपनीचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजेच फॅमिकॉम. जपानमध्ये 15 जुलै 1983 रोजी तो विक्रीला आला आणि घरगुती व्हिडिओ गेमचा इतिहास बदलला. हे यंत्र ‘जंक’ अशी चिठ्ठी लावलेल्या फळीवर होते. तिकडे या शब्दाचा अर्थ ‘चालते की नाही याची हमी नाही, परत घेणार नाही’ असा होतो. सोबत ‘सुपर मारिओ’ची एक कॅसेटही होती. भाचा म्हणाला, “मामा, मशीन आहे, अडॅप्टर नाही. बघा, तुमच्याकडचं एखादं बसतंय का.”

‘बसतंय का’ हे त्याचे शब्द ऐकून मी थोडा दचकलो. त्याचे कारण जुने आहे.

1994 च्या सुमारास मी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानात काम करत होतो. पदवी नव्हती. मालकाच्या शेजारी बसून आणि जुनी मासिके चाळून जे कळले तेवढेच ज्ञान. एकदा एसटीत वाहक असलेले एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. पिशवीत ‘व्हिडिओ गेम’ होता. तेव्हा आपल्याकडे मिळणारे बहुतेक व्हिडिओ गेम फॅमिकॉमच्या नकला असत. एलिमिनेटर हरवला होता, दुसरा हवा होता. मी खणातून एक काढला. त्यावर 9 व्होल्ट लिहिले होते, यंत्रावरही 9 लिहिले होते. पिन भोकात नीट बसली. मी बटण दाबले. दिवा लागला नाही. दोन-तीन सेकंदांत जळका वास आला. झाकण उघडले तर आत सुटी होणारी चिप नव्हतीच, पाटीवर काळ्या लाखेसारखा एक ठिपका होता. सगळे यंत्र त्या ठिपक्याखाली होते आणि ते बदलता येण्यासारखे नव्हते. मी पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. मुलगा काहीच बोलला नाही, त्याने यंत्र पुन्हा पिशवीत ठेवले.

व्होल्ट जुळले होते, पिनही जुळली होती. मग चुकले काय, हे मला त्या दिवशी सांगता आले नाही. आज सांगता येते.

‘एलिमिनेटर’ या शब्दाची गोष्ट

आज आपण ‘अडॅप्टर’ किंवा सरसकट ‘चार्जर’ म्हणतो. माझ्या पिढीचा शब्द एलिमिनेटर. त्याचे पूर्ण नाव ‘बॅटरी एलिमिनेटर’, म्हणजे बॅटरीची गरज संपवणारा. 1920 च्या दशकात अमेरिकेत घरगुती रेडिओ बॅटऱ्यांवर चालत. घरात वीज आली, पण रेडिओ जुनेच राहिले. त्यांना भिंतीतल्या विजेवर चालवणारी पेटी म्हणजे एलिमिनेटर. शिकागोत 1928 साली स्थापन झालेल्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनचे पहिले उत्पादन हेच होते. ही कंपनी पुढे मोटोरोला या नावाने जगभर पोचली.

या शब्दात पुढच्या गोंधळाचे मूळ दडलेले आहे. एलिमिनेटर हा बॅटऱ्यांचा बदली कामगार. एका सेलचे दीड व्होल्ट. दोन सेलवर चालणाऱ्या यंत्राला 3 व्होल्ट लागतात, तीन सेलच्या यंत्राला साडेचार, चारच्या यंत्राला 6, पाचच्या यंत्राला साडेसात, सहाच्या यंत्राला 9 आणि आठच्या यंत्राला 12. बाजारात सरकत्या खटक्याचा जो ‘सगळ्याला चालणारा’ एलिमिनेटर मिळायचा, त्यावर हेच आकडे असायचे. म्हणजे डबीचे व्होल्ट यंत्रात किती सेल बसतात यावरून ठरत गेले. पिन, तिची जाडी, तिच्यातली धन-ऋण बाजू हे मात्र प्रत्येक कारखान्याने आपापल्या सोयीने ठरवले. खेळयंत्रांत सेल नसत, पण डबी बाहेर ठेवायची पद्धत त्यांनीही उचलली, आणि ही बेबंदशाहीही.

लेबलावरच्या पाच गोष्टी

मूळ डबी हरवली असेल तर यंत्राच्या पोटाखालचे लेबल वाचावे. माझ्या फॅमिकॉमची मूळ डबी ‘एचव्हीसी-002’ या क्रमांकाची. तिच्यावरची माहिती अशी : आत येणारी वीज 100 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ, बाहेर जाणारी 10 व्होल्ट डीसी, 850 मिलिअँपिअर, आणि एक छोटेसे चित्र. यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे जुळावी लागते.

पहिली गोष्ट भिंतीकडची. जपानमध्ये घरातली वीज 100 व्होल्टची असते. वारंवारता मात्र पूर्व जपानात 50 आणि पश्चिम जपानात 60 हर्ट्झ. टोकियोने सुरुवातीला जर्मन जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, त्याचा हा परिणाम. म्हणून डबीवर दोन्ही आकडे आहेत. आपल्याकडे 230 व्होल्ट. मूळ जपानी डबी मिळाली आणि पिनेचे रूपांतर करणारा तुकडा लावून ती थेट आपल्या बोर्डात खोचली, तर आतल्या ट्रान्सफॉर्मरवर सव्वादोन पटींहून अधिक दाब येतो. गाभा तो पेलू शकत नाही, वेटोळे तापते आणि जळते. बाहेर येणारे व्होल्टही त्याच पटीत चढतात. परदेशातून आणलेली ‘अस्सल’ डबी सगळ्यात सुरक्षित, हा समज इथेच गळून पडतो. ती वापरायची तर मध्ये 230 चे 100 करणारा ट्रान्सफॉर्मर हवा.

दुसरी गोष्ट विजेचा प्रकार. शाळेत आपण प्रत्यावर्ती आणि दिष्ट धारा शिकलो. बाजारात त्यांना एसी आणि डीसी म्हणतात. लेबलावर एसीची खूण लाटेसारखी असते. डीसीची खूण म्हणजे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ. काही डब्यांत नुसता ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्या एसीच बाहेर देतात. ही खूण इतकी बारीक असते की चष्मा असूनही नजरेतून निसटते.

तिसरी गोष्ट व्होल्ट. इथे थोडी सवलत मिळते, कारण त्या काळच्या बहुतेक खेळयंत्रांना आत प्रत्यक्षात 5 व्होल्टच लागत. आलेल्या 9-10 व्होल्टचे 5 करण्यासाठी आत ‘7805’ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर बसवलेला असे. त्याला नीट काम करायला साधारण 7 व्होल्ट लागतात. जास्तीचे व्होल्ट तो उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. यंत्र अर्धा अँपिअर घेते असे धरले, तर 9 व्होल्टची डबी लावल्यावर त्याला 2 वॉट उष्णता सोसावी लागते आणि 12 व्होल्टची लावल्यावर साडेतीन वॉट. म्हणजे 10 च्या जागी 9 चालते, किंबहुना यंत्र थंड राहते. 12 लावले तर लगेच काही होत नाही, पण चाळीस वर्षांच्या म्हाताऱ्याला रोज ताप भरतो.

यात एक खाच आहे. ट्रान्सफॉर्मरच्या जड, जुन्या डबीवर लिहिलेले 9 व्होल्ट हे पूर्ण भार असतानाचे असतात. मोकळी मोजली तर तीच डबी 12-13 व्होल्ट दाखवते. ती बिघडलेली नसते. हलक्या, नव्या डब्या मात्र मोकळ्या असोत वा भाराखाली, लिहिलेले व्होल्टच देतात.

चौथी गोष्ट अँपिअर. याबद्दल गैरसमज सर्वाधिक. व्होल्ट डबी ठरवते. अँपिअर किती घ्यायचे ते यंत्र ठरवते. डबीवरचा आकडा तिची कमाल क्षमता सांगतो. विहिरीत पाणी जास्त आहे म्हणून घागरीत जास्त मावत नाही. त्यामुळे 850 मिलिअँपिअरच्या जागी 1 किंवा 2 अँपिअरची डबी बेलाशक लावावी. 300 ची लावली तर ती तापते, व्होल्ट खाली येतात, खेळ मध्येच अडकतो आणि आपण कॅसेट काढून फुंकर मारत बसतो.

पाचवी गोष्ट ते छोटे चित्र. त्याला ध्रुवता म्हणतात. मधोमध एक ठिपका, त्याभोवती अर्धवट वर्तुळ, एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला वजा. ठिपका म्हणजे पिनेच्या आतली नळी, वर्तुळ म्हणजे बाहेरचे कवच. ठिपक्याला जोडलेली खूण अधिक असेल तर आत धन, वजा असेल तर आत ऋण. आज घरात येणाऱ्या राउटरसारख्या बहुतेक वस्तूंच्या डब्यांत आत धन असते. फॅमिकॉमला आत ऋण लागते. 1994 साली मी चुकलो ते इथे. नकली यंत्रांत काहींना आत धन लागे, काहींना आत ऋण, आणि मी चित्र पाहिलेच नव्हते.

एकच भोक, निराळी वीज

ही चूक एकट्या माझी नाही, हे पुढे अभ्यास करताना कळले. फॅमिकॉमचेच अमेरिकी रूप 1985 साली ‘निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम’ या नावाने आले. कंपनी तीच, खेळ बहुतांश तेच, मागचे गोल भोकही त्याच मापाचे : बाहेरून साडेपाच मिलिमीटर, आतून 2.1. पण अमेरिकी यंत्राची डबी 9 व्होल्ट एसी, 1.3 अँपिअरची होती. त्या यंत्राने एसीचे डीसी करणारा डायोडचा पूल स्वतःच्या पोटात ठेवला होता. फॅमिकॉममध्ये तो नाही. अमेरिकी डबी फॅमिकॉमला लावली तर पिन सहज बसते आणि वीज प्रत्येक आवर्तनात अर्धा वेळ उलट्या दिशेने आत घुसते. याउलट अमेरिकी यंत्राला पुरेशा ताकदीची डीसी डबी कोणत्याही ध्रुवतेने लावली तरी चालते, कारण पूल वीज आपोआप योग्य दिशेला वळवतो. म्हणजे या दोन भावंडांत एकाची डबी दुसऱ्याला चालते, पण दुसऱ्याची पहिल्याला मारते.

सेगा कंपनीचा मेगा ड्राइव्ह 1988 साली जपानमध्ये आला. त्याला 9 ते 10 व्होल्ट डीसी, 1.2 अँपिअर, आत ऋण लागत असे. 1993 मध्ये त्याची छोटी आवृत्ती आली तेव्हा कंपनीने पिनही लहान केली आणि ध्रुवता उलटवून आत धन केले. इथे निदान मापे वेगळी असल्याने चुकीची डबी बसत नाही. याहून जुना 1977 चा अटारी 2600. त्याला 9 व्होल्ट डीसी लागते, पण पिन आहे टेपरेकॉर्डरच्या इअरफोनसारखी, साडेतीन मिलिमीटरची. अशी पिन आत सरकताना क्षणभर दोन्ही ध्रुव एकमेकांना टेकू शकतात. म्हणून भिंतीवरचे बटण आधी बंद करावे, पिन पूर्ण बसवावी आणि मगच बटण चालू करावे.

आत ऋण ही उलटी वाटणारी रीत जपानी कारखान्यांत बरीच रुळली होती. गिटारवादक पायाखाली ज्या आवाज बदलणाऱ्या पेट्या ठेवतात, त्यांत 9 व्होल्ट, आत ऋण ही पद्धत आजही चालू आहे. जुन्या कॅसिओ कीबोर्डांपैकी अनेकांचीही तीच. हा दुवा मला पुढे उपयोगी पडला.

लेबलच नसेल तर

चाळीस वर्षांत लेबले झिजतात. तेव्हा मल्टीमीटर हवा. साधा, तीन-चारशे रुपयांचाही पुरतो.

डबी तपासणे सोपे आहे. मीटर डीसीवर ठेवून लाल टोक पिनेच्या आत आणि काळे बाहेरच्या कवचाला लावावे. आकड्याआधी वजा चिन्ह आले तर आत ऋण. डीसीवर जवळजवळ शून्य आले आणि एसीवर 9-10 दिसले तर ती एसी डबी.

यंत्र तपासायला झाकण उघडावे लागते. डबी लावलेली नसताना 7805 शोधावा. तो बहुधा ॲल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूने कसलेला असतो. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय आत येणाऱ्या विजेचा, मधला ऋण आणि उजवा 5 व्होल्टचा. मीटर ‘बीप’वर ठेवून एक टोक मधल्या पायाला लावावे आणि दुसरे भोकातल्या काडीला. आवाज आला तर यंत्राला आत ऋण हवे. बाहेरच्या पत्तीला लावल्यावर आवाज आला तर आत धन हवे. दोन्हीकडे आवाज नाही आला, तर मध्ये डायोडचा पूल असण्याची शक्यता मोठी, म्हणजे यंत्र एसीवर चालण्यासाठी बनवलेले असावे. दोन मिनिटांची ही तपासणी 1994 साली मला माहीत असती, तर ते यंत्र वाचले असते.

मिरजेतला शोध

भाच्याच्या यंत्रासाठी माझी मागणी अशी ठरली : भिंतीकडून 230 व्होल्ट, बाहेर 9 किंवा 10 व्होल्ट डीसी, किमान 850 मिलिअँपिअर, आत ऋण, पिन 5.5 बाय 2.1.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत 9 व्होल्टच्या डब्या मिळाल्या, पण सगळ्या आत धनवाल्या. सरकत्या खटक्यांची एक होती. तिची ताकद 500 मिलिअँपिअर, आणि ध्रुवतेचा खटका धक्क्याने सरकेल इतका सैल. मी ती घेतली नाही. आत धनवाल्या डबीची वायर कापून दोन तारा अदलाबदल करून जोडता येतात. डाग चांगला द्यावा, वर स्लीव्ह चढवावी, झाले. पण अशी उलटवलेली डबी पुढे त्याच खोक्यात जाणार आणि कोणीतरी ती राउटरला लावणार. ती करायचीच असेल तर तिच्यावर ठळक चिठ्ठी लावल्याशिवाय हातातून सोडू नये.

शेवटी आठवण झाली ती कॅसिओची. मिरज सतार-तंबोऱ्यांचे गाव; इथे वाद्यांची दुकाने पावलोपावली, आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रांत कीबोर्ड वाजवणारेही भरपूर. त्यांच्यातल्या एका ओळखीच्या वादकाकडे बंद पडलेल्या कॅसिओची डबी पडून होती. तिच्यावर लिहिले होते : 230 व्होल्ट एसी, 9 व्होल्ट डीसी, 850 मिलिअँपिअर, आणि चित्रात ठिपक्याला वजा. ते म्हणाले, “घेऊन जा की, आमच्याकडे भंगारातच जायची.”

घरी येऊन ती आधी मोकळी मोजली. उणे 12.6. जुन्या डबीला शोभेल असाच आकडा. मग यंत्राचे झाकण उघडे ठेवून पिन लावली, मीटरची टोके 7805 च्या मधल्या आणि उजव्या पायाला धरली आणि भाच्याला बटण सरकवायला सांगितले. मीटरवर 5.01 आले. वास आला नाही. पाच मिनिटांनी पत्रा हाताला कोमट लागला, तेवढाच.

फॅमिकॉमला वीज आल्याचे सांगणारा दिवा नाही, आणि चित्राची अडचण वेगळीच. हे यंत्र जपानी दूरचित्रवाणीच्या 1 किंवा 2 क्रमांकाच्या वाहिनीवर चित्र पाठवते. त्या लहरी आणि ती रंगपद्धत आपल्या टीव्हीची नव्हे. पण जुन्या रेडिओवाल्याला एक गोष्ट माहीत होती. जपानच्या पहिल्या वाहिनीचा आवाज 95.75 मेगाहर्ट्झवर असतो, आणि ती जागा आपल्या एफएम पट्ट्यात येते. मी यंत्रामागच्या टीव्हीच्या भोकातून एक तार रेडिओच्या एरिअलपर्यंत नेली आणि काटा 95 आणि 96 च्या मध्ये हळूहळू फिरवला. खरखर अचानक थांबली. मारिओच्या पहिल्या पडद्यावर संगीत नसते, म्हणून भाच्याने अंदाजाने स्टार्टचे बटण दाबले. रेडिओतून ती धून वाजू लागली.

एक चिठ्ठी

आता यूएसबी-सी आले आहे. युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून मोबाइलसह अनेक लहान उपकरणांना ते सक्तीचे केले. त्यात डबी आणि यंत्र आधी एकमेकांशी बोलून किती व्होल्ट हवेत ते ठरवतात आणि मगच व्होल्ट वाढतात. आजच्या मुलांना बसते ते चालते, असे वाटले तर त्यांचे चूक नाही. पण शंभर वर्षांतली असंख्य यंत्रे अशी आहेत, ज्यांना बोलता येत नाही. त्यांच्या वतीने एक लेबल बोलते, आणि तेही झिजते.

म्हणून यंदाच्या आवराआवरीत तो खोका निघाला की एवढे करावे. प्रत्येक डबीवर ती कशाची आहे त्याची चिठ्ठी चिकटवावी. माळ्यावरच्या प्रत्येक यंत्राच्या पोटावर प्रकार, व्होल्ट, अँपिअर आणि आत धन की ऋण, हे कागदावर लिहून वर चिकटपट्टी लावावी. मी फॅमिकॉमखाली लिहिले आहे : ‘9 ते 10 व्होल्ट, डीसी, 850 किंवा जास्त, आत ऋण. राउटरची लावू नये.’ कॅसिओच्या डबीवरही लिहिले आहे आणि ती त्याच यंत्राच्या खोक्यात, वायर सैल गुंडाळून ठेवली आहे.